कामाच्या जागी छळ आणि दादागिरी: जिनपासून फडीपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं विदर्भातले कापसाचे जिन, राईस मिल, संत्र्याची पॅकिंग शेडं, खासगी संस्थांच्या शाळा, पतसंस्था, प्राथमिक आरोग्य केंद्रं, तेंदूपत्ता मोजून घेतात त्या फड्या आणि रोजगार हमीची कामं डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. मोठ्या शहरातल्या कंपनीत तक्रार ऐकायला वेगळा विभाग असतो. आपल्याकडे हजेरी घेणारा, पैसे देणारा आणि तक्रार ऐकणारा बरेचदा एकच माणूस असतो, आणि तो कुठून ना कुठून नात्यातही निघतो. हे ध्यानात न घेता दिलेली उत्तरं इथे चालत नाहीत.

आमचे साहेब सगळ्यांवरच ओरडतात, स्वभावच तापट आहे. याला छळ म्हणायचं का?

एखाद्या दिवशी तापून बोलले आणि काम झाल्यावर विषय संपला, तर तो स्वभाव. खाडा झाला म्हणून त्या दिवसाचा रोज कापला, चूक झाली म्हणून लेखी विचारणा केली, तर तो कामाचा हिशेब. तिथे छळ म्हणून ओरड करू नये.

पण ठरावीक माणसालाच, चार लोकांत, पुन्हा पुन्हा उतरवून बोलणं वेगळं. आढावा बैठकीत आरोग्य सेविकेला अर्धा तास उभं ठेवायचं आणि बाकीच्यांना हसायला लावायचं. शिक्षण सेवकाला पगारपत्रकावर सही हवी असेल तर संस्थाचालकाच्या घरच्या लग्नात वाढायला बोलवायचं. रजा मागितली की "सोबत राजीनामा पण आण" म्हणायचं. कुणाला महिनाभर कामच द्यायचं नाही, नुसतं बसवून ठेवायचं. यात मारहाण नाही, शिवीही नाही, तरी माणूस आतून मोडतो.

"सगळ्यांवरच ओरडतात" असं कुणी सांगितलं की एक गोष्ट तपासा. सभापतींचा भाचा त्याच ऑफिसात असेल, तर त्याच्यावर ओरडतात का? नसतील, तर त्या तापट स्वभावाला माणसं नीट ओळखू येतात म्हणायची.

दादागिरीविरुद्ध वेगळा कायदा आहे का?

नुसत्या मानसिक छळासाठी किंवा पाणउताऱ्यासाठी असा एकच स्वतंत्र कायदा नाही. लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे, तो पुढे येतोच. बाकी त्रासाला वाटा वेगवेगळ्या आहेत. सरकारी किंवा जिल्हा परिषदेची नोकरी असेल तर सेवानियमांखाली वरिष्ठांविरुद्ध लेखी तक्रार करता येते. धमकी दिली, मुद्दाम अपमान करून भांडणाला चेतवलं, तर भारतीय न्याय संहितेची कलमं आहेत. जातीवरून असेल तर अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा. दिव्यांग कर्मचाऱ्याचा चार लोकांत अपमान केला तर दिव्यांग हक्क कायदा, २०१६ प्रमाणेही तो गुन्हा आहे.

वेगळा कायदा नाही म्हणून विषय किरकोळ ठरत नाही. मार्च २०२१ मध्ये मेळघाटातल्या हरिसाल इथे एका तरुण महिला वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने आत्महत्या केली. तिने मागे ठेवलेल्या पत्रांत वरिष्ठाकडून होणाऱ्या छळाबद्दल लिहिलं होतं. अंगावर वर्दी आणि हाताखाली माणसं असलेल्या अधिकाऱ्याची ही गत होत असेल, तर कंत्राटी डेटा ऑपरेटर पोरीनं कुणाकडे बघायचं? सहकाऱ्याचं बोलणं तुटक झालं, "सगळं सोडून द्यावंसं वाटते" असं तो म्हणू लागला, तर तक्रार अर्ज बाजूला ठेवा आणि आधी त्याच्याजवळ बसा. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

हात लावला तरच लैंगिक छळ होतो का? आमच्याकडे मजाक चालते.

नाही. अंगाला हात लावणं, तशी मागणी करणं, अश्लील बोलणं, अश्लील चित्रं किंवा व्हिडिओ दाखवणं आणि बाईला नकोसं वाटणारं कुठलंही तसलं वागणं, मग ते शब्दाने असो, नजरेने असो की खुणेने, हे सगळं २०१३ च्या कायद्यात येतं. कामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला घाणेरडा विनोदही येतो. "माझं ऐकलंस तर पुढच्या हंगामात पण काम देतो" हे तर सरळसरळ येतं, आणि "नाही ऐकलं तर उद्यापासून येऊ नको" हेही.

मजाकीचं म्हणाल तर वऱ्हाडी माणूस मजाकीशिवाय जगूच शकत नाही, आणि ती बंद करा असं कुणी म्हणत नाही. पण मजाक दोन्हीकडून चालते. मुकादमाने बाईच्या लुगड्यावरून बोलायचं आणि बाईने त्याच्या पोटावरून बोललं की दुसऱ्या दिवशी तिचं नाव हजेरीतून गायब, याला मजाक म्हणत नाहीत.

"मी तर तिला मुलीसारखी मानतो" हे वाक्यही चौकशीत हमखास येतं. गावात सगळेच काका, भाऊ, मामा असतात. अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीने नात्याचं नाव ऐकू नये, वागणूक काय होती ते विचारावं.

मी आशा आहे, मानधनावर. माझी जाऊ रोजीने वेचणीला जाते. आम्ही "कर्मचारी" ठरतो का?

दोघीही ठरता. रोजंदारी, हंगामी, कंत्राटदारामार्फत आलेली, शिकाऊ, मानधनावर किंवा विनामोबदला काम करणारी, अशा सगळ्या जणी कायद्यात धरल्या आहेत. कागदावर नाव नाही, करार नाही, तरी हक्क जात नाही. कामाची जागाही ऑफिसच्या चार भिंतींपुरती नाही. वावर, फडी, गृहभेटीला गेलात ते घर, प्रशिक्षणासाठी तालुक्याला नेलं तो हॉल, मालकाने पाठवलेला टेम्पो, हे सगळं त्यात आलं.

या कायद्याची सुरुवातच गावातल्या मानधनावरच्या बाईपासून झाली, हे आपल्याकडच्या अंगणवाडी सेविकांना आणि आशाताईंना कुणी सांगत नाही. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारी योजनेत 'साथिन' होत्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यानंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ ला विशाखा निकाल आला. आपल्या शाळा-ऑफिसांत आजही 'विशाखा समिती' म्हणतात ते त्यावरूनच. कायदा व्हायला मात्र २०१३ उजाडलं.

जिनमध्ये कायमचे सहाच लोक आहेत. समिती नेमावी लागते का?

दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती नेमणं मालकावर बंधनकारक आहे. आता मोजणी नीट करा. कायमचे सहा, पण हंगामात रेच्यावर, सरकीवर, गाठी बांधायला, गाड्या खाली करायला मिळून चाळीस हात राबतात ना? तेही मोजायचे. "ते ठेकेदाराचे आहेत" हे उत्तर चालत नाही.

खरोखरच दहापेक्षा कमी असतील, जसं एखादं कृषी सेवा केंद्र, खासगी दवाखाना किंवा झेरॉक्सचं दुकान, तर तिथली बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. प्रत्येक जिल्ह्यात ती असलीच पाहिजे. गडचिरोलीत सिरोंच्याच्या किंवा भामरागडच्या बाईने जिल्ह्याला कसं जायचं, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून कायद्याने तालुका पातळीवर नोडल अधिकारी ठेवलाय. तो तक्रार घेतो आणि सात दिवसांत समितीकडे पाठवतो. हे अधिकारी नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ च्या आदेशात पुन्हा बजावलं आहे. तहसील कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात नाव विचारा. पहिल्या टेबलावर "असं काही नसते बाई" ऐकायला मिळालं तर दुसऱ्या टेबलावर जा.

तक्रार मालकाविरुद्धच असेल तर?

मग त्याने नेमलेल्या समितीकडे जायचंच नाही, सरळ स्थानिक समितीकडे जायचं. संस्थाचालक, मिलमालक, पतसंस्थेचा कर्ताधर्ता, सगळ्यांना हेच लागू.

समितीवर कोणाला घ्यायचं?

अध्यक्ष त्या ठिकाणची वरिष्ठ महिलाच. निदान दोन सदस्य कर्मचाऱ्यांतले, आणि एक सदस्य बाहेरची, महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली. निम्म्या तरी महिला हव्यात. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं.

कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात काय होतं? मुख्याध्यापिका संस्थाचालकाची सून, बाहेरची सदस्य म्हणून त्यांचीच मावसबहीण, आणि उरलेले दोघं पुढच्या महिन्यात कायम व्हायचे असलेले. फलक भिंतीवर लागतो, समिती कधी बसत नाही. माझं मत स्पष्ट आहे: बाहेरची सदस्य गावाबाहेरचीच असावी, जमलं तर दुसऱ्या तालुक्यातली. जिला संध्याकाळी त्याच चौकातून घरी जायचं नाही, तीच चौकशीत सरळ प्रश्न विचारू शकते. तिला येण्याजाण्याचा खर्च द्या. एसटीचं तिकीट वाचवायला जवळची बाई घेऊ नका.

लिहिता येत नाही. तक्रार कशी करायची?

तोंडी सांगा, लिहून द्यायला मदत करणं हे समितीचं कामच आहे. कायद्याची भाषा लागत नाही. असं लिहिलं तरी पुरे:

"मी अमुक मिलमध्ये पोती शिवायच्या कामाला आहे. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीनंतर मी गोदामातून सुतळी आणायला गेली. तिथे अमुक यांनी दार लोटून घेतलं आणि माझा हात धरला. मी हात सोडवून बाहेर आली. बाहेर अमुक बाई तांदूळ पाखडत होत्या, त्यांनी मला रडताना पाहिलं. मागच्या महिन्यातही त्यांनी मला मोबाइलवर घाण व्हिडिओ दाखवला होता. मी नाही म्हटल्यापासून माझे आठ दिवसांचे पैसे अडवले आहेत."

जागा, दिवस, काय झालं, कोण जवळ होतं, त्यानंतर काय झालं. तारीख आठवत नसेल तर "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला" असं लिहिलं तरी तारीख काढता येते. सोबत सहा प्रती द्यायच्या, आणि आपल्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्यायची. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती डब्यात जपून ठेवा.

हंगाम संपला, मजूर गावी गेले. आता तक्रार करता येते का?

घटना घडल्यापासून, आणि वारंवार घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची असते. उशिराचं कारण समितीला पटलं तर आणखी तीन महिने मिळतात.

हा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू बाया सोयाबीन काढायला खालच्या मुलखात येतात आणि काम संपलं की परत पहाडावर जातात. वेचणीलाही बाहेरून टोळ्या येतात. त्रास देणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. काम सुटलं म्हणून हक्क सुटत नाही, पण दिवस मात्र मोजले जातात. उशीर होणारच असेल तर गावी परतलो होतो, मोबाइल नव्हता, तिकिटाला पैसे नव्हते, जे खरं असेल ते कारण अर्जातच लिहा.

तक्रार दिल्यावर पुढे काय?

सात कामाच्या दिवसांत तक्रारीची प्रत समोरच्याला जाते, तो दहा कामाच्या दिवसांत उत्तर देतो. दोघांचं आणि साक्षीदारांचं म्हणणं ऐकून नव्वद दिवसांत चौकशी पुरी व्हायला हवी. त्यानंतर दहा दिवसांत अहवाल, आणि साठ दिवसांत मालकाने किंवा स्थानिक समितीचं प्रकरण असेल तर जिल्हा अधिकाऱ्याने त्यावर अंमल करायचा. चौकशी चालू असताना बाईने लेखी मागितलं तर दोघांपैकी कुणाचीही बदली किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा, अशी शिफारस समिती करू शकते. बदली करायचीच तर तिची करू नका, हे मी मालकांना आवर्जून सांगते. उचलबांगडी तिची झाली की अख्खं गाव निकाल समजून घेतं.

गावातच मिटवून टाकलं तर काय बिघडलं?

तंटामुक्त गाव समितीने बांधाची आणि पाणंद रस्त्याची पुष्कळ भांडणं मिटवली असतील. हे तिचं काम नाही. पारावर पंचवीस माणसांसमोर बाईला "काय झालं ते सांग" म्हणणं हा दुसऱ्यांदा केलेला छळ आहे. आणि शेवट काय, तर त्याने नारळ द्यायचा, तिने पाया पडायचं!

कायद्यात समेटाची वाट आहे, पण ती बाईने स्वतः मागितली तरच, चौकशी सुरू होण्याआधी, समितीमार्फत. पैसे देऊन समेट करता येत नाही. "पाच हजार घे आणि गप्प बस" याला कायदा समेट मानत नाही.

बोभाटा झाला तर पोरीचं लग्न अडेल, अशी भीती असते.

भीती खरी आहे, तिला हसू नये. तक्रार करणारीचं, समोरच्याचं आणि साक्षीदारांचं नाव-गाव व चौकशीतला मजकूर बाहेर फोडायला कायद्याने मनाई आहे. समितीतल्या कुणी फोडला तर दंड आहे. तरी गाव ते गाव. चहा देणाऱ्या पोऱ्याने ऐकलं की बसस्टँडपर्यंत बातमी जाते. म्हणून चौकशी शाळेच्या स्टाफरूममध्ये किंवा मिलच्या केबिनमध्ये घेऊ नका. तालुक्याच्या ठिकाणी एखादी खोली बघा, बाईला आणि साक्षीदारांना वेगवेगळ्या दिवशी बोलवा, आणि चहा स्वतः करून प्या.

खोटी तक्रार केली तर?

मुद्दाम, खोटं आहे हे माहीत असून केली हे सिद्ध झालं तर कारवाई होते. नुसता पुरावा मिळाला नाही म्हणून मात्र बाईवर काही करता येत नाही. गोदामाच्या अंधारात साक्षीदार ठेवून कुणी हात धरत नाही. मालकांच्या बैठकीत पहिला प्रश्न हाच येतो, आणि समिती कधी बसली होती हे विचारलं की सगळे मोबाइल बघू लागतात.

जातीवरून बोलतात, पाण्याचं भांडं वेगळं ठेवतात.

वावरात दोन कॅन, एका कॅनवर ग्लास ठेवलेला आणि दुसऱ्यावर नाही. "तुम्ही ओंजळीनं प्या वो, ग्लास एकच हाये." कुणी शिवी दिली नाही, पण कोणी ओंजळीनं प्यायचं हे ठरलेलं असतं. अस्पृश्यता पाळणं १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला लोकांसमोर जातीवरून अपमानित करणं, जातीचं नाव घेऊन शिवी देणं १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात गुन्हा आहे. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. दलित-आदिवासी बाईला होणाऱ्या त्रासात लैंगिक आणि जातीय धागे बरेचदा एकत्र असतात. तिथे समितीची चौकशी एकीकडे आणि पोलिसांतली तक्रार दुसरीकडे, दोन्ही चालू शकतात.

पुरुषांना त्रास झाला तर?

२०१३ चा कायदा फक्त महिलांच्या तक्रारी घेतो. पण हमालाला, शिपायाला, नव्या शिक्षकाला छळलं जातं हे उघड आहे. त्यांच्यासाठी सेवानियम, कामगार कार्यालय, पोलीस या वाटा आहेत. एखाद्या संस्थेने स्वतःच्या नियमावलीत "कुणाचाही छळ चालणार नाही" असं लिहून त्यांच्या तक्रारीही ऐकायला कुणाची मनाई नाही. नव्या पोऱ्याला पहिल्या आठवड्यात सगळ्यात जड पोती उचलायला लावून हसत बसणं बऱ्याच मिलमध्ये रीत मानतात. पाठ गेली की रीत लावणारे दवाखान्यात दिसत नाहीत.

वातावरण सुधारायला नेमकं काय करायचं? फलक लावून भागतं का?

फलक लावाच, समितीची नावं आणि शिक्षेची माहिती दर्शनी भागात लावणं कायद्याने आवश्यक आहे. पण त्रास उगवतो तो काट्यापाशी, हजेरीपाशी, गाडीपाशी आणि संडासापाशी.

संध्याकाळी वेचणी संपते. बाया गाठोडी घेऊन रांगेत उभ्या असतात. काटा मुकादमाच्या हातात, आकडा त्यालाच दिसतो, वहीही त्याचीच. जी हसून बोलते तिचं वजन बरोबर. जिने परवा त्याला फटकारलं तिचं दोन किलो कमी. "तुहा कापूस ओला हाये वो." दोन किलोच्या पैशासाठी अंधार पडताना कोण वाद घालणार? ती गप्प बसते, आणि मागच्या सगळ्यांना निरोप पोचतो. तेंदूपत्त्याच्या फडीवर पुडके मोजताना "हे खराब" म्हणून बाजूला सारणाऱ्या हाताची ताकद हीच, आणि रोजगार हमीवर मोबाइलमधून हजेरी लावणाऱ्या मेटचीही.

म्हणून काटा फिरवा, आकडा बायांकडे करा. वजन मोठ्याने वाचा. वही बायांपैकी एकीकडे द्या, दर आठवड्याला नवीन. पैसे मालकाने स्वतः किंवा खात्यावर द्यावे, मुकादमाच्या खिशातून जाऊ नयेत. भाषणापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, कारण मुकादमाच्या हातातलं हत्यारच जातं. रात्रपाळीला बाई एकटी ठेवू नका. टेम्पोत पुढच्या सीटवर "तू बस" असं एकीलाच बोलावलं जातं का, बघा. संडासाला आतून कडी आणि वर बल्ब आहे का, हे मालकाने स्वतः जाऊन बघावं. हा प्रश्न त्याला कोणी बाई विचारणार नाही.

मी फक्त पाहिलं. मी काय करू?

तिथे जा. भांडायचं नसेल तर "मावशी, तुम्हाला तिकडं बोलावलंय" म्हणून तिला बाजूला घ्या. नंतर तिला विचारा, तिच्यासाठी परस्पर ठरवू नका. दिवस आणि वेळ वहीत टिपून ठेवा. चौकशीत कामाला येते ती हीच नोंद.

पोलिसांत जायचं की समितीकडे?

दोन्हीकडे जाता येतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये लैंगिक छळाला शिक्षा आहे, अंगलट किंवा तशी मागणी असेल तर तीन वर्षांपर्यंत. हद्द आमची नाही म्हणून ठाण्याला परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवावा लागतो. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. वकील परवडत नसेल तर १५१०० वर फोन करा. महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

मालकाने समितीच नेमली नाही, अहवाल दाबून ठेवला, तर?

पन्नास हजारांपर्यंत दंड, पुन्हा तेच केलं तर दुप्पट आणि परवाना रद्द होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी कळवा. केंद्र सरकारच्या 'शी-बॉक्स' पोर्टलवर मोबाइलवरूनही तक्रार देता येते. आपले सरकार सेवा केंद्रातल्या पोऱ्याकडून भरून घेणार असाल तर तो आरोपीचा कोण लागतो, हे आधी बघून घ्या.